पहाटे पाचला उठून करू काय?

“रात्र कशीही सरते हो, सकाळ सरत नाही.” मुलं शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडली, की पुढच्या काही महिन्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आया हे कुठल्या ना कुठल्या शब्दांत सांगतातच. दुपारी कामं असतात, संध्याकाळी मुलांचा फोन येतो. पण पहाटे पाचला टक्क जाग येते, घर चिडीचूप असतं आणि उठायचं कशासाठी ते कळत नाही. वडीलही हेच सांगतात, फक्त आडवळणानं. “झोप पुरी होत नाही” अशी त्यांची तक्रार असते.

आजूबाजूच्यांचा सल्ला घेऊनच ही मंडळी आलेली असतात. छंद जोपासा, फिरायला जा, आता स्वतःला वेळ द्या. सल्ला चांगला आहे, पण तो आठवडाभरही टिकत नाही. टिकला नाही की मूळच्या रितेपणावर अपराधीपणाची भर पडते.

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वय पन्नाशीचं. मोठी मुलगी आधीच बाहेर, धाकटा मुलगाही गेल्याला काही महिने झालेले.

“तीनदा फिरायला जायला सुरुवात केली, तिन्ही वेळा चार-पाच दिवसांत बंद,” त्या म्हणाल्या. “मला शिस्तच नाही, मॅडम.”

“मग इतकी वर्षं पाचला कोण उठत होतं?”

“ते वेगळं. तेव्हा उठावंच लागायचं.”

या उत्तरात बरंच काही आहे. मुलं घरात असतानाची सकाळ आपण शिस्तीनं पार पाडतो असं आपल्याला वाटतं. खरं तर ती बाहेरून ओढली जात असते. शाळेची वेळ, बसची वेळ, न सापडणारा मोजा, “आई, उशीर होतोय” ही हाक. ओढणारे हात गेले की उरते नुसती इच्छाशक्ती, आणि पहाटे पाचला कुणाचीच इच्छाशक्ती फारशी शिल्लक नसते. म्हणून ‘मी आळशी झाले’ हा निष्कर्ष मी आधी खोडून काढते. तो चुकीचा तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

पुढच्या भेटीत मी विचारलं, “उठल्या उठल्या पहिलं काय करता?”

“मुलाला मेसेज. उठलास का म्हणून.”

“तो काय म्हणतो?”

“नऊला उत्तर देतो. उठलो म्हणून.”

“आणि तोवर?”

“बघत असते. निळ्या खुणा झाल्या का ते.”

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडायला सुरुवात केली ती. त्यामुळे अशा ठिकाणी माझे कान टवकारतात. मुलाला आपली गरज असावी असं वाटणं ही इच्छा झाली. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, आणि वाटू द्यावं. पण ‘त्याला माझी गरज असलीच पाहिजे, नाहीतर माझ्या उठण्याला अर्थ नाही’ ही मागणी झाली, आणि ही मागणी माणसाला चार तास मोबाइलसमोर बसवून ठेवते. या फरकावर आम्ही बऱ्याच भेटी काम केलं. त्यांना तो पटला. तरी सकाळ काही सरेना. विचार पटला म्हणून पाय आपोआप जमिनीवर पडत नाहीत. पायांना करायला काहीतरी लागतं.

म्हणून एके दिवशी मी त्यांना जुनी सकाळ सांगायला लावली. मुलगा शाळेत असतानाची, मिनिटामिनिटानं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, आणि तो अतिशय संथपणे विचारावा लागतो, कारण माणसं पटकन “नेहमीचंच हो” म्हणून गुंडाळतात. त्यांनीही तसंच केलं. साडेपाचला डबे, सहाला त्याला पहिली हाक, सव्वासहाला दुसरी.

“पण तुम्ही उठायच्या पाचला. मग पाच ते साडेपाच?”

“त्याची गणितं.”

“तो उठलेला नसायचा ना?”

“नाही. मी आधी सोडवून ठेवायचे. त्याला अडलं तर समजावता यावं म्हणून.”

“रोज?”

“जवळजवळ.” मग त्या थोड्या हसल्या. “खरं सांगू? त्याला कधी अडायचंच नाही.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसणं हे निम्मं काम असतं, आणि ते जमायला मला बरीच वर्षं लागली आहेत. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत राहिल्या. कॉलेजात गणित होतं, पुढे शिकायचं राहून गेलं. मुलाचं नवं पुस्तक आलं की आधी त्याच चाळायच्या. भूमितीची एखादी सिद्धता दुसऱ्या वाटेनं करून बघायच्या आणि जमली की दिवसभर खुशीत असायच्या. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. आई मुलाचा अभ्यास घेते, एवढंच सगळ्यांना माहीत. त्यांनाही तेवढंच माहीत होतं.

“म्हणजे तो अर्धा तास त्याचा नव्हताच,” त्या म्हणाल्या. “माझाच होता.”

इथं मला जे दिसलं, ते मी तेव्हापासून जवळजवळ प्रत्येकात शोधते. मुलांसाठी म्हणून वर्षानुवर्षं केलेल्या कामांत काही मिनिटं अशी असतात, जी आपण आपल्यासाठीच खर्च केलेली असतात, पण नोंद मुलांच्या खात्यावर केलेली असते. मुलं गेली की ते खातं बंद होतं आणि त्याबरोबर आपली शिल्लकही गेली असं आपण धरून चालतो. नवा छंद शोधण्यापेक्षा ही शिल्लक शोधणं सोपं आहे. ती आपली आहे याचा पुरावा हातात असतो. अनेक वर्षं, कुणी न सांगता, आपण ते केलेलं असतं. हल्ली माझ्या काही सहकारीही हाच प्रश्न विचारतात, याचं मला बरं वाटतं.

प्रत्येकाची शिल्लक वेगळी निघते, हे मात्र सांगायला हवं. एक वडील मुलीला वर्षानुवर्षं पहाटे पोहायला सोडायचे. ती गेल्यावर सगळ्यांनी त्यांना पोहायला शिकण्याचा सल्ला दिला. बोलता बोलता कळलं की पाण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गाडीतल्या त्या प्रवासात कुणाशी तरी निवांत बोलणं व्हायचं, ते हरवलं होतं. त्यांना हवा होता सोबती. आता ते एका जुन्या मित्राबरोबर रोज पहाटे चालतात. दुसऱ्या एका बाईंना पुष्कळ आठवूनही काही सापडेना. शेवटी म्हणाल्या, “मला त्या धावपळीतलं काहीच आवडायचं नाही. ती संपली याचा आनंद झालाय, आणि तो झाला म्हणून मी स्वतःला माफ करत नाहीये.” त्यांच्यासाठी दिनक्रमाचा विषय तिथंच संपला. सात वाजेपर्यंत झोपायची परवानगी त्यांनी स्वतःला दिली.

आता गणितवाल्या बाईंनी सकाळ कशी बसवली ते सांगते, कारण तिथं कष्ट आहेत. गजर पाचलाच ठेवला. उठण्याची वेळ रोज बदलली की शरीराचं घड्याळ गोंधळतं. दात घासून झाले की वही. तासभर नव्हे, तोच जुना अर्धा तास. त्या लगेच अभ्यासक्रमाला नाव घालायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. आधी वही सुरू होऊ दे. उजाडल्यावर बाहेर चालणं, कारण सकाळच्या उजेडाचं काम घरातला दिवा करू शकत नाही. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि आपली झोप-जाग त्यावर चालते. तिसरी गोष्ट बाहेरची ओढ. त्यांच्या एका मैत्रिणीलाही गणिताची आवड होती. रोज सहाच्या आत दोघींनी सोडवलेल्या उदाहरणाचा फोटो एकमेकींना पाठवायचा, असं ठरलं. ज्या दिवशी अजिबात इच्छा नसते त्या दिवशी हा फोटोच माणसाला उठवतो. मुलाला सकाळचा मेसेज बंद करून रात्रीचा फोन ठेवला. पहिले काही दिवस हेच सगळ्यात जड गेलं.

मधे एकदा त्या पडक्या चेहऱ्यानं आल्या, “दोन दिवस वही उघडली नाही.” त्यांना मी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांचा 2010 चा अभ्यास सांगितला. 96 जणांनी एकेक नवी सवय लावून बघितली. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणासाठी अंदाज 254 पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांमुळे किती माणसं बाविसाव्या दिवशी स्वतःला नापास करत असतील, देव जाणे.

एक गोष्ट मी दर वेळी आधी तपासते. जाग नेहमीपेक्षा फार लवकर येते, मन जड असतं, भूक आणि रस दोन्ही गेलेत आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर दिनक्रम बसवत बसू नका. डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको असं वाटत असेल तर आजच. याच वयात अनेकींची रजोनिवृत्तीही सुरू असते. रात्री अंगातून वाफा येऊन झोप मोडते आणि तो दोष मुलांच्या जाण्यावर जातो. थायरॉइडही तपासून घ्यावं.

जोडीदाराचंही विचारतात. “हे आठपर्यंत झोपतात, मी एकटीच.” झोपू द्या. दोघांची सकाळ एक असायलाच हवी असं नाही. दिवसातला एखादा तास दोघांचा असला तरी पुरे, तो संध्याकाळचा असला तरी चालेल.

खरी परीक्षा मुलं सुट्टीत घरी येतात तेव्हा होते. जुनी सकाळ एका रात्रीत परत येते, आणि आपल्यालाही ती हवीच असते. त्या आठवड्यात चालणं बुडालं तर बुडू दे, पण सुरुवातीचा अर्धा तास सोडू नका. तसं मुलांना ती येण्याआधीच सांगून ठेवा. या बाईंनी सांगितलं, तेव्हा मुलगा चक्रावला. “तू अजून गणितं सोडवतेस? कुणासाठी?” त्यांनी उत्तर दिलं नाही, वही दाखवली. त्यानं एक चूक काढली. ती चूक नव्हतीच, हे त्याला पटवण्यात त्या दिवशीचं चालणं बुडालं.