क्युबाला ठिबकचा माल पाठवावा का?

प्रश्न : भोसरीत आमचा ठिबक सिंचनाच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. क्युबातून मागणीची विचारणा आली आहे. अमेरिकेचे निर्बंध आम्हाला आडवे येतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भारतीय कायद्याने बंदी नाही, अडचण आहे ती पैशांची आणि जहाजाची. डॉलरमधला व्यवहार अमेरिकी बँकेतून फिरतो आणि तिथे अडकू शकतो, म्हणून सौदा युरोत करा. उधारी मात्र अजिबात नको, तिथे परकीय चलनाचा खडखडाट आहे. पूर्ण रक्कम आगाऊ घ्या, नाहीतर तिसऱ्या देशातल्या बँकेने हमी दिलेली एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेचे पतपत्र). १९९२च्या अमेरिकी कायद्यानुसार क्युबात व्यापारासाठी गेलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकेत माल चढवता-उतरवता येत नाही. त्यामुळे जहाजे कमी आणि भाडे चढे. मालात अमेरिकी बनावटीचे भाग किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त असतील, तर अमेरिकेचा परवाना लागतो. क्युबात वीज सारखी जाते, तेव्हा सौरपंपावर चालेल असा कमी दाबाचा संच द्या. फिल्टरच्या जादा जाळ्या सोबतच पाठवा.

जाता जाता : तिथली उसाची पडीक राने गिळणारी मराबू ही काटेरी वनस्पती म्हणजे आपली दुरंगी बाभूळच! तिचाच ४० टन कोळसा जानेवारी २०१७मध्ये रीतसर अमेरिकेला गेला.