नारळ, बर्फ आणि पवित्र त्रैक्य

प्रिय बाळा,

पेंटेकॉस्टनंतरच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतरच्या) रविवारी त्रैक्याचा सण, आणि त्या दिवशी दोतोर्नीचा, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग तुझ्याकडे आहे. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा असे तिघे, तरी देव एकच. तासाभरात त्रैक्याचा उलगडा करून देण्याचा घाट घालू नकोस. मुलं रोज जे करतात, तेच त्यांना नीट बघायला लाव.

क्रुसाच्या खुणेपासून सुरू कर. उजवा हात कपाळावर, 'पित्याच्या'. मग छातीवर, 'पुत्राच्या'. मग डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर, 'पवित्र आत्म्याच्या'. आणि शेवटी 'नावाने'. 'नावांनी' नव्हे! बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात (28:19) मध्येही हा शब्द एकवचनीच आहे. घरी कोंकणीत प्रार्थना होत असेल तर 'नांवान', तेही एकवचन. 'नावाने' आणि 'नावांनी' हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिही आणि मुलांनाच फरक सांगू दे. तिघे वेगळे, नाव एक. 325 साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असं ठरवलं, ते हेच जपण्यासाठी.

खरी गडबड होते ती दाखल्यांत. पाणी, बर्फ, वाफ हा दाखला सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्यात एकच पाणी रूप बदलतं. देव कधी पिता होतो, कधी पुत्र, असा त्याचा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात सबेलियसची शिकवण याच वळणाची होती आणि चर्चने ती नाकारली. यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग वाचून दाखव: पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, पित्याची वाणी आकाशातून. तिघेही एकाच वेळी. आपल्याकडचा नारळाचा दाखलाही टाळ. करवंटी, खोबरं आणि पाणी हे नारळाचे तीन भाग. नुसत्या करवंटीला कोणी नारळ म्हणत नाही. पुत्र मात्र देवाचा तिसरा हिस्सा नाही, तो पूर्ण देव आहे.

साखळीच्या दत्तमंदिरात जाणारा एखादा मित्र विचारेल, "म्हणजे तुमचीही त्रिमूर्तीच ना?" त्याला आदराने सांग, की ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याकडे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं सांगितली जातात. त्रैक्यात कामाची अशी वाटणी नाही. सृष्टी असो वा माणसाचं तारण (पापातून सुटका), तिघांचं काम एकच. वेगळेपण आहे ते फक्त नात्याचं. पुत्र आहे म्हणून पिता पिता आहे.

इथे थोडं थांब, कारण मुलांच्या घराशी याचा थेट संबंध आहे. सांगणारा मोठा आणि ऐकणारा लहान, हेच मुलांनी पाहिलेलं असतं. येशू पित्याचं ऐकतो, तरी तसूभरही कमी ठरत नाही. मोठ्या भावाचं ऐकावं लागलं म्हणून रुसून बसणाऱ्या मुलाला हे कळलं, तर त्याला त्रैक्यातलं पुष्कळ कळलं असं मी म्हणेन.

मग प्रार्थनेची दिशा शिकव: पित्याला, पुत्राद्वारे, आत्म्याच्या बळाने. मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) बहुतेक प्रार्थना याच वाटेने जातात. परीक्षेच्या सकाळी तीन वाक्यं पुरतात: "पित्या, तुझ्याकडे येतो. येशू, मला तुझ्यासोबत ने. पवित्र आत्म्या, मला शब्द सुचत नाहीत, तू बोल." तिसऱ्या वाक्याला रोमकरांस पत्राच्या 8:26 चा आधार आहे. रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना दर दहा 'नमो मारिया'नंतर 'पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव असो' येतं. जेवणाच्या घाईत नेमकं तेच गिळलं जातं. तेवढं एक वाक्य सावकाश म्हणायला सांग.

एखादं मूल हमखास विचारेल, "येशू देव आहे, मग अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना तो स्वतःशीच बोलत होता का?" या प्रश्नावर घाबरू नकोस, गप्पही करू नकोस. हाच वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न. नाही, पुत्र पित्याशी बोलत होता. मार्क 14:36 काढ आणि त्याच मुलाला मोठ्याने वाचू दे. 'अब्बा' (बाबा) या शब्दाशी त्याला क्षणभर थांबव.