वाचक विचारतात : क्रीट बेटावर सावकाश सुट्टी

मे महिन्याच्या सुट्टीत भूमध्य समुद्रातल्या, ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचे बेत आखणाऱ्या वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी.

आम्ही नवरा-बायको, ७ आणि ११ वर्षांची मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण. हाताशी दहा रात्री. एजंटाने अथेन्स, मिकोनोस, सँतोरिनी आणि क्रीट असा कार्यक्रम दिला आहे. एवढ्या लांब जातोय तर सगळेच पाहून घ्यावे, असे वाटते. (फोंडा)

एजंटाचा कागद पुन्हा काढा आणि बॅगा किती वेळा भरायच्या तेवढे मोजा. मुक्काम हलवायच्या दिवशी खोली सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते आणि पुढची तीनच्या आसपास मिळते. मधला वेळ सामान, मुले आणि सासूबाई यांच्यासह धक्क्यावर, उन्हात. वारा वाढला की वेगवान बोटी आधी रद्द होतात आणि मग पुढची सगळी आरक्षणे कोलमडतात. दहा रात्रींत चार मुक्काम म्हणजे तीन दिवस असेच गेले.

क्रीट एकटेच ८,३३६ चौरस किलोमीटरचे आहे, गोव्याच्या सव्वादोन पट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. इराक्लियो आणि हानिया ही तिथली दोन मोठी शहरे; इराक्लियोहून हानियाला १४० किलोमीटर जायला गाडीने अडीच तास लागतात. (नकाशावर हानियाचे स्पेलिंग ‘सी-एच’ने सुरू होते. बसवाल्याला ‘चानिया’ विचारू नका.) म्हणून सल्ला असा : विमानाने अथेन्समार्गे इराक्लियोला उतरा, तिथे दोन रात्री. उरलेल्या आठ रात्री हानियाला, आणि परतीचे विमान हानियाहूनच धरा. म्हणजे तोच रस्ता उलटा तुडवावा लागत नाही.

इराक्लियोच्या दोन रात्री क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांसाठी. सकाळी आठला दार उघडताच आत असा, कारण आत सावली फार थोडी आहे. तिथले लाल खांब पाहून मुले खूश होतील, पण त्यांना सांगून ठेवा की त्यातले बरेचसे बांधकाम ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी १९०० पासून उत्खनन करताना नव्याने उभे केलेले आहे, काही तर चक्क काँक्रीटचे. खऱ्या वस्तू आणि मूळ भित्तिचित्रांचे तुकडे शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ते वातानुकूलित आहे, तेव्हा दुपार तिथे घालवा.

हानियात जुन्या गावातली घरे फोटोत सुंदर दिसतात, पण गल्ल्या दगडी फरशीच्या, गाडी दारापर्यंत जात नाही आणि जिने अरुंद व उभे. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून निया होरा भागात घर बघा. समोर वाळूचा किनारा, आणि जुने बंदर पायी दहा-पंधरा मिनिटांवर. आरक्षणाआधी लिहून विचारा : लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते की चार पायऱ्या चढून? या चार पायऱ्यांचा उल्लेख जाहिरातीत कधीच नसतो. शिवाय एप्रिल ते ऑक्टोबर राहण्यावर वेगळा सरकारी आकार पडतो. २०२५ पासून भाड्याच्या अपार्टमेंटला रात्रीला ८ युरो, चारतारांकित हॉटेलला खोलीमागे १० युरो. तो बहुधा आरक्षणाच्या रकमेत नसतो, तिथे पोचल्यावर मागतात.

आठ दिवसांत लांबच्या सहली दोनच ठेवा. एलाफोनिसी किनाऱ्याचे पाणी मुलांच्या गुडघ्याएवढे, खूप आतपर्यंत उथळ. अंतर ७५ किलोमीटर, पण वळणांमुळे दीड-दोन तास. ओकारीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी द्या. समारिया घळ मात्र सोडा. १६ किलोमीटरची उतरण, आणि शेवटी आगिया रुमेली गावाहून बाहेर पडायला बोटच. सात वर्षांच्या मुलासाठी ते नव्हे, सासूबाईंसाठी तर नाहीच.

बाकीचे दिवस असे : साडेसात ते अकरा समुद्र, घरी येऊन जेवण, मग झोप. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० या वेळेत शांतता पाळायचा नियमच आहे. दुपारी एक वाजता दुकानाचे शटर ओढणाऱ्या म्हापसा-मडगावच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा बाहेर. जूनमध्ये साडेआठलाही उजेड असतो, आणि तिथली माणसे जेवायला नऊनंतर येतात. तुम्ही आठला गेलात तर टेबल सहज मिळते.

समुद्र आमच्या दाराशी आहे. तिथल्या समुद्रात वेगळे काय? आणि मे महिन्यात पाणी कसे असते? (म्हापसा)

थंड. आपल्याकडे मे महिन्यात पाणी २९–३० अंश असते, क्रीटला १९–२०. कळंगुटला तासन्‌तास डुंबणारी मुले तिथे दहा मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा इथूनच घेऊन जा आणि बाहेर येताच कोरडे कपडे घाला. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाणी दोनेक अंश वर चढते, म्हणून शाळा उघडण्याची तारीख पाहून सुट्टीचा शेवट निवडा, सुरुवात नको. समुद्र सर्वात छान सप्टेंबरात असतो, पण तेव्हा आपल्याकडे चतुर्थी, आणि चतुर्थीला घर सोडून कोण जातो?

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. आपल्याकडे पाणी दोन मीटर वरखाली होते, तिथे जेमतेम वीतभर. सकाळी पसरलेला टॉवेल संध्याकाळी तिथेच कोरडा सापडतो. पाण्यात मीठही जास्त, म्हणून अंग सहज तरंगते आणि डोळे जास्त चुरचुरतात. पाणी स्वच्छ दिसते याचे एक कारण असे की त्यात सूक्ष्म वनस्पती कमी आहेत.

तरीही गाफील राहू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. हवा गार लागते, ऊन जाणवत नाही, आणि खांदे भाजून निघतात. त्या दिवसांत उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरायचे नाही, हे आपल्याइतकेच तिथेही खरे.

पतीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझा आणि मुलांचा भारतीय. आम्हाला व्हिसा लागेल का? (मडगाव)

लागेल. पण पोर्तुगीज नागरिक ग्रीसला, म्हणजे स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या युरोपीय देशात जात असेल, तर त्याच्यासोबत जाणाऱ्या पत्नीला आणि २१ वर्षांखालच्या मुलांना व्हिसाचे शुल्क माफ असते आणि अर्ज लवकर निकाली काढायचा असतो. बँकेचे उतारे, हॉटेलचे आरक्षण, विमा हे मागायचे नसते. तीन गोष्टी दाखवायच्या : पतीचे नागरिकत्व, तुमचे नाते, आणि प्रवास एकत्र असल्याचा पुरावा. पती आधी गेले असतील आणि तुम्ही मागाहून जाणार असाल तरीही चालते. मात्र हीच सुट्टी लिस्बनला घेतलीत तर ही सवलत लागू नाही.

अडते ते नावात. लग्नात नाव बदललेले, पासपोर्टवर माहेरचे, मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचे, आणि पतीच्या पोर्तुगीज कागदावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि अपोस्टिल केलेला (परदेशात ग्राह्य धरण्यासाठी सरकारी शिक्का असलेला) विवाहदाखला दोन महिने आधी तयार ठेवा. विमानतळावर युरोपीय नागरिकांच्या रांगेत पतीसोबतच उभे राहा, तुम्हाला ती मुभा आहे. परत येताना पतींचे ओसीआय कार्ड विसरू नका.

ज्यांच्या घरी असा पासपोर्ट नाही त्यांच्यासाठी : शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलाला ४५, सहाखाली माफ. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; निघायला पंधरा दिवसांहून कमी उरल्यावर आलेला उशिराचा धरतात.

आई शाकाहारी आहे. स्वयंपाकघर असलेले घर घेतोय. इथून काय न्यावे? (साखळी)

आधी काय नेऊ नये ते. तूप, पेढे, खवा, पनीर हे युरोपात सामानातून आणायला बंदी आहे. मांसाचेही तसेच. आंबाही नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन एवढी फळे प्रमाणपत्राशिवाय चालतात. मानकुराद त्यात बसत नाही आणि कढीपत्ताही नाही. सुके खोबरे विमान कंपन्याच नाकारतात. गंमत म्हणजे सुके बांगडे आणि सुंगटे माणशी २० किलोपर्यंत नियमात बसतात, फक्त शेजारच्या बॅगवाल्याची दया येते.

न्यायचे ते : हळद, मोहरी, हिंग, गोडा मसाला, आमसुले. तांदूळ-डाळ तिथे मिळतात. भातासाठी ‘निहाकी’ नावाचा लांब दाण्याचा तांदूळ घ्या. ‘ग्लासे’ घेतलात तर भाताचा गोळा होतो. ‘फावा’ लिहिलेल्या पाकिटात पिवळी डाळ असते, शिजून घोटली की वरण होते. ती तुरीसारखी चटकन शिजत नाही, तासभर भिजत घाला. चूल बहुधा गॅसची नसते. घरमालकाला विचारा, इंडक्शन आहे की साधी विजेची. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही.

बाहेर खाताना ‘निस्तिसिमो’ हा शब्द उपयोगी. चर्चच्या उपवासाचे म्हणजे मांस-दूध-अंड्याविना, पण शिंपले-माणके त्यात चालतात, तेवढे विचारा. भरलेले टोमॅटो (‘येमिस्ता’) भाताचेच हवेत म्हणून सांगा, काही ठिकाणी त्यात खिमा असतो. ‘दाकोस’ आईला आवडेल : बार्लीच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चुरलेले चीज, ऑलिव्ह तेल. दात दुखत असतील तर पाच मिनिटे थांबा, टोमॅटोच्या रसाने टोस्ट मऊ पडतो.

मासे खाणाऱ्यांनी ताजा मासा किलोच्या भावाने असतो हे ध्यानात ठेवा. भाजायच्या आधी वजन समोर करून घ्या. यादीत नावापुढे चांदणी असेल तर तो गोठवलेला. तारले स्वस्त आणि उत्तम.

गाडी भाड्याने घ्यावी का? (वास्को)

आठही दिवस नको, सहलींच्या दोन-तीन दिवसांपुरती. केटेल या तिथल्या बससेवेच्या गाड्या हानिया, रेथिम्नो, इराक्लियो व्यवस्थित जोडतात. घ्यायचीच तर वाहतूक खात्याकडून आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढा. उजवीकडून चालवायचे. चूक बहुधा पेट्रोलपंपातून बाहेर वळताना होते, तेव्हा शेजारी बसलेल्याने “उजवीकडे” म्हणायचे. १३५ सेंटीमीटरखालच्या मुलाला बालआसन सक्तीचे. महामार्गावर मागून वेगात गाडी आली की पुढचा खळखळ न करता कडेच्या पट्ट्यावर अर्धा सरकून वाट देतो, तिथली तीच रीत. बालोस किनाऱ्याकडे जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर गाडी घालू नका : टायर आणि गाडीचा तळ विम्यात बहुधा नसतो. तिथे किसामोस बंदराहून बोट जाते.