मुलीला गुजराती समजते, पण ती इंग्रजीतच उत्तर देते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मराठी, यजमान गुजराती, घर इंग्लंडमधल्या लेस्टरला. सासूबाई १९७२ साली युगांडातून आलेल्या. सात वर्षांच्या लेकीला बांचं, म्हणजे आजीचं, सगळं बोलणं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच येते, आणि शनिवारच्या गुजराती वर्गाला जायचं म्हटलं की रडते. माझंही सासर युगांडातल्या कंपालाहून आलेलं गुजराती. अशा वर्गात मी सहा वर्षं शिकवलंय, म्हणून सांगते.

पहिल्या वर्षी मी सगळ्या मुलांना ‘क कमळनो क’पासून बसवलं. ज्यांच्या कानावर जन्मापासून गुजराती पडत होती तीही त्यात, आणि अजिबात न कळणारीही. ती चूक होती. समजणं ही भाषेची मोठी कमाई असते. मी तिची दखलच घेतली नाही. तुमच्या लेकीला कक्को (मुळाक्षरं) नको, बोलायला कारण हवं. वर्गातल्या शिक्षकांना सांगा की तिला समजतं, तिला गोष्टी सांगणाऱ्या मुलांत बसवा. ते नाही म्हणाले तर सहा महिने वर्ग सोडला तरी चालेल.

दुसरी चूक जास्त लागली. एका मुलानं शेंगदाण्यांना ‘जुगु’ म्हटलं. मी फळ्यावर ‘शिंग’ लिहून दिलं. तो म्हणाला, ‘‘पण बा तर जुगुच म्हणते,’’ आणि त्या दिवशी पुन्हा बोलला नाही. जुगु हा स्वाहिलीतून, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या भाषेतून, आलेला शब्द. युगांडाच्या हुकूमशहा ईदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन देशाबाहेर काढलं तेव्हा ही माणसं असे शब्द बरोबर घेऊन आली: कसावाला मोगो, सुरीला कीसु, झाडूला फगियो. अहमदाबादच्या पुस्तकात ते सापडणार नाहीत, पण तुमच्या घरातली गुजराती तीच आहे. पुढे मी फळ्याचे दोन भाग केले, ‘बानी भाषा’ (आजीची) आणि ‘चोपडीनी भाषा’ (पुस्तकातली). मुलं पहिल्या भागासाठी घरून शब्द गोळा करून आणायला लागली.

म्हणून बांना मदतीला घ्या. ढोकळ्याचं पीठ भिजवताना लेकीला शेजारी उभी करा. ‘बा, आमां शुं नाखुं?’ (यात काय घालू?) एवढं विचारलं तरी पुष्कळ. तिनं इंग्रजीत उत्तर दिलं तर रागावू नका, पाहुण्यांसमोर ‘गुजरातीमां बोल’ तर मुळीच म्हणू नका. तिचंच वाक्य गुजरातीत म्हणा आणि गप्पा पुढे न्या.

तुमची मराठीही सोडू नका, ती इथे कामाला येते. इंग्रजीत वाढलेल्या मुलांना ‘मोटो, मोटी, मोटुं’ फार जड जातं. हिंदी येत असली तरी नपुंसकलिंगाची अडचण राहतेच. आपल्याकडे मोठं घर, मोठं झाड. त्यांच्याकडे मोटुं घर, मोटुं झाड. आपलं ‘आम्ही’ आणि ‘आपण’ म्हणजे त्यांचं ‘अमे’ आणि ‘आपणे’. तुम्ही मराठीत बोललात तर तिचा कान दोन्हीकडे तयार होतो. (एक सावधगिरी: ‘जम्या?’ म्हणजे ‘जेवलात का’. मी पहिल्या महिन्यात त्याचं उत्तर ‘हो, जमलं’ असं देत होते.)

लिपी नंतर. ती तुम्हीच शिकवू शकाल: शिरोरेषा नाही, बरीच अक्षरं ओळखीची, फक्त इ, ख, च, ज, झ, फ, ब अशा काहींकडे नीट पाहावं लागतं. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांच्या पाट्या वाचणं हा माझ्या वर्गाचा आवडता गृहपाठ होता. शब्द अडला तर गुजराती लेक्सिकॉन हा ऑनलाइन शब्दकोश बघा. रतिलाल चंदरया हे नैरोबीत जन्मलेले उद्योगपती; त्यांनी कित्येक वर्षं खपून २००६ साली तो कोश इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुला केला. देशाबाहेर वाढलेल्या माणसानं हे केलं याचा मला फार आधार वाटतो.

पुढे जीसीएसईला, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षाच्या सुमाराच्या शालान्त परीक्षेला, गुजराती घेता येते. २०१५च्या सुमारास तो विषय बंद व्हायच्या बेतात होता, लोकांनी आवाज उठवला म्हणून टिकला. पण त्याला अजून बरीच वर्षं आहेत. या आठवड्यात एवढंच करा: लेकीच्या हातात फोन द्या आणि बांना विचारायला सांगा की युगांडातून निघताना पेटीत काय काय भरलं होतं. रेकॉर्ड करताना तुम्ही खोलीत थांबू नका.