आवाज थांबला, तोंडही अडकलं

प्रश्न : मी ३२ वर्षांची शिक्षिका. दोन वर्षं घास चावताना डाव्या कानापुढे 'कट्' वाजायचं. तीन महिन्यांपूर्वी आवाज बंद झाला, पण तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं. वडापाव तुकडे करून खाते. गोळ्या, शेक, स्प्लिंट (दातांवर बसवायचा साचा), व्यायाम सगळं झालं. एमआरआयमध्ये जबड्याच्या सांध्यातली चकती पुढे सरकलेली आहे. एक डॉक्टर सांधा धुऊ म्हणतात, दुसरे दुर्बीण घालू म्हणतात, मैत्रीण बोटॉक्स घे म्हणते. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आवाज थांबला तेव्हा तुम्हाला हायसं वाटलं असेल. पण तो आवाज म्हणजे सरकलेली चकती तोंड उघडताना जागेवर येत होती. आता ती येतच नाही. दारात पायपुसणं अडकल्यावर दार जसं अर्धंच उघडतं, तसं झालंय.

तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी आधी सांधा धुतला असता. कानापुढची जागा बधिर करून सांध्याच्या वरच्या पोकळीत दोन सुया घालतात. एकीतून सलाईन आत, दुसरीतून बाहेर. साधारण १०० ते २०० मिली. सूज आणणारे घटक वाहून जातात, छताला चिकटून बसलेली चकती सुटते आणि तिथेच जबडा हाताने हलवून बघतात. संध्याकाळी घरी. ही पद्धत १९९१ मध्ये पुढे आली, तीही दुर्बिणीच्याच अनुभवातून : रुग्णांना बराचसा आराम नुसत्या धुण्यानेच पडत होता.

चकती मात्र यानंतरही बहुधा पुढेच राहते. पुन्हा एमआरआय काढून घाबरू नका. तोंड उघडतं, दुखणं कमी होतं, ते पुरे.

दुर्बीण जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, पण तिला पूर्ण भूल लागते आणि खर्चही जास्त. चिकटलेले पापुद्रे डोळ्यांनी बघून सोडवता येतात, हा तिचा खरा फायदा. काही तुलनांत तिने तोंड थोडं जास्त उघडलेलंही दिसलं आहे. धुऊन भागलं नाही तर जरूर करा. ज्यांचा हात बसलाय अशांकडेच करा, चेहऱ्याची नस जवळून जाते.

बोटॉक्स आवळलेल्या स्नायूंसाठी. अडकलेली चकती त्याने सुटत नाही. मैत्रिणीचे स्नायू दुखत असतील, तुमचा सांधा अडलाय. धुतल्यावर हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं (सांध्यातलं वंगण) इंजेक्शन सुचवलं तर माझी हरकत नाही, मात्र त्याचा फायदा सगळ्यांनाच होतो असं नाही. स्टेरॉइड पुन्हापुन्हा नको, कूर्चा झिजते.

आणि रागावू नका, सुपारी खाता का? तिने गालाचं अस्तर पांढरट, ताठ झालं असेल तर सांधा कितीही धुतला तरी तोंड उघडणार नाही. आधी कोणाला तरी गालाच्या आतून बोट फिरवून बघायला सांगा.

धुतल्यानंतर आठवडाभर मऊ खिचडी. आईस्क्रीमच्या काड्या आणून ठेवा : समोरच्या दातांत मावतील तेवढ्या, रोज मोजून वहीत लिहायच्या. वडापाव तोवर तुकडे करूनच.