चौथ्या प्रयोगाला काहीच झालं नाही, म्हणतेस

चि. —

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर टाइप केलेलं असलं तरी मी त्याला पत्रच म्हणतो, चांगलं चार पानी आहे. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून.

गाण्यासाठी नोकरी सोडू का, हा तुझा शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. नोकरी सोडू नकोस. तुझं लाडकं संगीत नाटक 'कट्यार काळजात घुसली' २४ डिसेंबर १९६७ला रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यातले गवई खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांनी मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत कारकुनी केली होती. तू सव्वीस वर्षांची आहेस. गाणं शिकायला सकाळचा एक तास पुरतो, आणि तो रोज काढता येतो का हे आधी सहा महिने बघ. पुढचं पुढे.

आता खरी गोष्ट. तू २०१५चा सिनेमा पाहून नाटकाकडे आलीस. तीन प्रयोग पाहिलेस, तिन्ही वेळा रडलीस, खाँसाहेबांचं गाणं शिकायला धडपडणारा सदाशिव म्हणजे आपणच असं वाटलं. चौथ्या प्रयोगाला खाँसाहेबांचा आवाज बसलेला, माइक मधूनच शिट्टी मारत होता, मागे कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडत होतं, आणि तू कोरडी बसून राहिलीस. घरी आल्यावर वाटलं, आधीचं सगळं खोटंच होतं की काय.

तुला सदाशिव का लागला हे मला कळतं. तुमच्या घरातली पेटी माळ्यावर कशी गेली, हे तू मला मागे सांगितलं होतंस. विद्या समोर आहे, दार बंद आहे, आणि आपण नोकराच्या वेषात खाँसाहेबांच्या हवेलीत शिरून कान देऊन उभे. ज्याच्या घरात कुणी गायचं थांबलं असेल, त्याला तो मुलगा लागणारच. त्यात वेडेपणा काही नाही. मीही ऐन तरुणपणी सदाशिवच होतो. पुढे चाळिशी उलटली आणि खाँसाहेबांवरून डोळा हलेना. इतकी वर्षं दुसऱ्याच्या सावलीत काढलेला आणि जिंकल्यावरही चैन न पडलेला माणूस. हल्ली तर त्यांच्यापुढे हरलेले पंडितजी रंगमंचावरून गेले की उरलेलं नाटक मी त्यांनाच शोधत बघतो. तर सदाशिवला इतक्यात कायमचा पत्ता देऊन टाकू नकोस.

'घेई छंद मकरंद' हे पद त्यात दोनदा येतं, तुझ्या लक्षात आलं असेल. शब्द तेच. एकदा पंडितजींचं, संथ, एकेका सुरावर बसून. एकदा खाँसाहेबांचं, चपळ, उसळतं. संगीतकार अभिषेकीबुवांनी दोन घराण्यांचं भांडण दोन चालींत मांडून ठेवलंय. नाटककार दारव्हेकर मास्तरांना जे संवादांत लिहायला पानं लागली असती, ते तिथे काही मिनिटांत होतं. मध्यंतरात बटाटावडा खाताना लोक याच्यावरून वाद घालतात, तुझा कुठला आणि माझा कुठला. तीन प्रयोग सदाशिवाच्या बाजूने बसल्यामुळे दुसरी चाल तू शत्रूची म्हणून ऐकलीस, असा माझा संशय आहे.

पण तुझा प्रश्न चौथ्या प्रयोगाचा आहे, आणि त्याला मला एक जुनी गोष्टच सांगावी लागेल. ती मी फारशी कुणाला सांगत नाही, कारण चूक माझी होती.

एका हौशी मंडळीबरोबर मी ऑर्गनला असायचो. जिल्ह्याच्या गावी प्रयोग, थंडीचे दिवस, वर पत्र्याचं छप्पर. नाटक कुठलं ते राहू दे. आमच्या गवयाला सर्दी झाली होती. दुसऱ्या घंटेला तो विंगेतून वाकून मला म्हणाला, "आज काळी दोन नको, पांढरी दोन घे." म्हणजे गाण्याचा सूर अर्धी पट्टी खाली. मी मान डोलावली आणि विसरलो. पहिल्या अंकात त्याला पद नव्हतं. दुसऱ्या अंकात माझा हात सवयीने आपल्या जागी गेला, काळी दोनवर. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते. तोवर तबलजीने उचललं होतं, आता मागे फिरणं नाही. गेला बिचारा तसाच. वरच्या षड्जाला आवाज चिरला, जुनं धोतर फाटावं तसा. त्याने तान तिथेच टाकली, डोळे मिटले आणि नुसत्या शब्दावर हळूहळू खाली उतरला. टाळी पडली नाही. एकही नाही.

नाटक संपलं. रंगपटात तो माझ्याशी बोलेना. तोंडावरचा रंग पुसत होता आणि आरशातूनसुद्धा बघत नव्हता. तेवढ्यात मागच्या दाराशी मफलर गुंडाळलेला एक म्हातारा आला. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "बुवा, वर जाऊन एकदम खाली आलात ना, ती जागा परत एकदा म्हणाल का?"

जागा म्हणाला तो! गाण्यातल्या खास सुंदर वळणाला आम्ही जागा म्हणतो. आम्ही ज्याला नाचक्की म्हणून तोंड लपवत होतो, ती त्याच्या लेखी जागा होती. डोळ्यांत पाणी. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या गवयाने माझ्याकडे बघितलं (चला, बघितलं तरी), घसा खाकरला आणि प्रयत्न केला. नाही आली. बसल्या बसल्या कशी येणार? म्हातारा "असू दे, असू दे" म्हणत गेला.

ती आमची सगळ्यात पडेल रात्र होती आणि त्या माणसाची ती रात्र होती. तेव्हा तुझा तिसरा प्रयोग, जो तुला सगळ्यात जास्त लागला, त्या दिवशी पडद्यामागे काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. आणि चौथ्याला, तू कोरडी असताना, तुझ्या पुढच्या रांगेत कुणी पदर डोळ्याला लावून बसलं असेल, तेही तू पाहिलं नाहीस. सिनेमातलं गाणं दर वेळी तेच असतं, तिथे फक्त आपण बदलतो. नाटकात आपणही बदलतो आणि समोरचाही, नि दोघांची गाठ पडली तर पडली. ऑर्गनवाल्याची पाठ प्रेक्षकांकडे असते, पण ती गाठ पाठीला कळते. खोकणारे खोकायचे थांबतात. बांगड्या वाजत नाहीत. कधी एखाद्याच कोपऱ्यात हे होतं, बाकी हॉल तिकिटाचे पैसे मोजत असतो.

पाचव्यांदा जाशील तेव्हा महिनाभर आधी रेकॉर्डिंग ऐकू नकोस. कानात एक तान पक्की बसली की समोरच्या माणसाची तान आपण ऐकत नाही, तपासतो. बसायची जागाही बदल. मधली रांग सोडून कडेला, तबल्याच्या बाजूला बस, श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि मुख्य म्हणजे त्यातलं एक पद स्वतः बसव. बेसूर झालं तरी चालेल. स्वतःचा दम कुठे संपतो ते कळलं की बसलेल्या आवाजाच्या माणसाचा तुला राग येणार नाही, उलट तो कुठून वाट काढतोय हे बघत बसशील. रंगपटात जायचं असेल तर जा, पण चार पानं बोलू नकोस. त्या माणसाला रंग उतरवून शेवटची गाडी गाठायची असते. एक वाक्य पुरे. त्या म्हाताऱ्याचं एकच होतं.

आमच्या गावच्या देवळात उत्सवाला यंदा 'सौभद्र' करतोय, सगळी गावचीच मंडळी. पालखी आटोपल्यावर रात्री दहाला सुरू होईल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यात शंभरावर पदं घातली आहेत, आम्ही निम्मी गाळतो, तरी दोन वाजतातच. कृष्ण पोस्टात आहे आणि बलरामाचं किराणा दुकान आहे, तेव्हा दुसरे वसंतराव भेटतील अशा आशेने येऊ नकोस. पण ये. मला पानं उलटायला माणूस हवं आहे.

तुझा,
ऑर्गनवाला काका

ता. क. स्वेटर आण, सभामंडपात पहाटे फार गारठा असतो. आणि पानं उलटण्याआधी तुला आणखी एक काम आहे. तिसऱ्या घंटेच्या आत प्रत्येक गाणाऱ्याला त्याची आजची पट्टी विचारायची आणि मला ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर लावून द्यायची.