बंद रक्तवाहिन्या म्हणजे गाठ सुकणार का?

प्रश्न : दादाच्या तळपायावरच्या मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) गाठ आता मांडीत आली आहे. ती काढताना शिरेतून रंग देऊन गाठीतल्या रक्तवाहिन्या तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आहेत, म्हणून वेगळी संमती मागितली आहे. अशा निम्म्या वाहिन्या बंद असतात असं वाचलं. मग गाठ आपोआप सुकेल ना? रंगाचा त्रास होतो का?

उत्तर : आधी रंगाचं. तो बहुधा फ्लुओरेसिन असेल. नेत्रतज्ज्ञ दृष्टिपटल तपासायला १९६०च्या दशकापासून तोच वापरत आले आहेत. मळमळ होते; तीव्र ॲलर्जी क्वचित, तरी दादांना दमा किंवा कसली ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. त्वचा काही तास पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गडद पिवळी होते. माझ्या एका रुग्णाचा मुलगा ते भांडं हातात घेऊनच धावत आला होता. चूक माझी, आधी सांगायला विसरले होते.

निळ्या प्रकाशात रक्तद्रव हिरवा चमकतो. तांबड्या पेशी जेमतेम सात-आठ मायक्रॉनच्या. त्या रंग घेत नाहीत, म्हणून हिरव्या धारेतून काळे ठिपके पळताना दिसतात. रुग्णाने श्वास घेतला की सगळं चित्र हलतं! अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क या कर्करोग रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मेलानोमाच्या रुग्णांवर हे करून २०१६ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शोधपत्रिकेत मांडलं. जवळपास निम्म्या वाहिन्यांत रक्त वाहतच नव्हतं. तुम्ही वाचलंत ते हेच असावं. त्याआधी आमची बरीचशी समजूत उंदरांवर बेतलेली होती.

पण याला खूशखबर समजू नका. औषध गाठीपर्यंत जातं ते रक्तातूनच, प्रतिकारशक्तीच्या पेशीही त्याच वाटेने येतात. वाट बंद, तर दोघंही बाहेरच. शिवाय ऑक्सिजन कमी पडलेल्या कर्कपेशी सगळ्याच मरत नाहीत, उरतात त्या उलट चिवट होतात. किरणोपचारालाही कमी दाद देतात. उरलेल्या वाहिन्यांवर गाठ मजेत वाढते.

आज या चित्रांवरून दादांचे उपचार ठरणार नाहीत, हा अभ्यास आहे. नाही म्हणालात तरी गाठ तशीच, तेवढीच काढली जाईल. सही करण्याआधी एवढं विचारा : या बघण्यापायी भूल किती मिनिटं लांबणार?